सासऱ्यांचा बिनसाखरेचा स्क्वॉश: चालू द्यावा की आवरावा?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे, पण घरात त्यावरून दोन तट पडलेत म्हणून इथे टाकतेय.

आम्ही इंग्लंडात रेडिंगला असतो. सासरे (अण्णा) सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेत. वय ७४, वजन ६२ किलो, डायबेटिस जुना. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, बीपीची एक गोळी. निघण्याआधीचं एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ७.४ होतं, म्हणजे त्यांच्या वयाला डॉक्टर फार कुरकुरले नाहीत.

सांगलीत तांब्या-भांडं कायम हाताशी असायचं. इथे आले आणि पाणी पिणंच सुटलं. एक तर थंडीत तहान लागत नाही. त्यात इथलं पाणी जड. किटलीच्या तळाशी पांढरे पापुद्रे, चहावर तवंग. अण्णांनी पहिला घोट घेतला आणि विचारलं, "बोअरचं आहे का गं?" फिल्टरचा जग आणला, पाणी उकळून गार करून दिलं, जिरं टाकून दिलं. दोन घोट घ्यायचे आणि भांडं बाजूला. व्हायचं तेच झालं, पोट साफ होईना, मग लघवीला जळजळ.

अशात धाकट्याच्या (वय ६) डब्यासोबतचा स्क्वॉश त्यांनी चाखला. भारतातल्यांसाठी सांगते: इथे घरोघरी सिंकशेजारी ही बाटली उभी असते. फळाचा अर्क, एक भाग अर्काला चार भाग पाणी घालायचं. आपल्या लहानपणी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला ऑरेंज स्क्वॉश असायचा ना, त्याच जातीचा. फक्त आता इथे दुकानात बघाल तर बहुतेक बाटल्या "नो ॲडेड शुगर"च्या. सरकारने २०१८ च्या एप्रिलपासून गोड पेयांवर कर लावला. पण रॉबिन्सन्सवाल्यांनी तर त्याच्या आधीच, २०१५ मध्ये, साखरेचा स्क्वॉश विकणं बंद केलं होतं.

अण्णांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेली. उसाच्या रसाचा ब्रिक्स (विरघळलेले घन पदार्थ किती टक्के) काढायचा, पोल (त्यातली साखर किती) काढायचा, उतारा, म्हणजे उसातून साखर किती निघाली, ते लिहायचं. चष्मा लावून त्यांनी बाटलीवरचा तक्ता वाचला. साखर जवळजवळ नाही. परत एक घोट घेतला. परत वाचलं. म्हणाले, "उतारा शून्य आणि गोडी पूर्ण! आम्ही उगीच जन्मभर ऊस गाळला."

तेव्हापासून स्वारी खूश. सकाळी चहा झाला की मोठा मग भरून घेतात, खिडकीशी बसतात, पेपर वाचत तासन्‌तास एकेक घोट. मग संपला की दुसरा. दिवसाला दीड लिटर तर सहज, कधी दोन. आणि एकास चार वगैरे त्यांना मान्य नाही, रंग दिसला पाहिजे म्हणून जवळपास दुप्पट घट्ट करतात. रात्री उशाशीसुद्धा एक ग्लास. पोट मात्र लायनीवर आलं, जळजळ थांबली, हे खरं.

नवरा म्हणतो, पाणी पोटात जातंय ना, मग राहू दे. नणंदेने कोल्हापुरातून कॅन्सरचे तीन फॉरवर्ड पाठवले. मी मध्ये. माझ्या डोक्यात आहे ते असं: याने शुगर वाढते का? बाटलीवरची ती सुक्रालोज, एसिसल्फेम-के वगैरे साखरेऐवजी घातलेल्या गोडव्यांची नावं या वयात रोज पोटात गेलेली चालतात का? आणि तिसरं, ज्याने मी खरी वैतागलेय, ते म्हणजे संत्र्याच्या फोडी पुढे केल्या की अण्णा स्क्वॉशचा मग दाखवतात, "हे काय, फळच चाललंय की."

नातवाचंही बघायचंय. आजोबांचं बघून तो आता पाण्याला हात लावत नाही.

हिरवी_पायवाट

ताई, बाटलीतलं सगळं विषच. नावं वाचता येत नाहीत ते पोटात कशाला? आपल्या आजोबांनी कधी स्क्वॉश प्यायला होता? ताक द्या, सकाळी अनशापोटी कोरफडीचा रस द्या, महिन्यात डायबेटिस पळेल. या कंपन्या आपल्याला गिऱ्हाईक करतात आणि आपण होतो.

कृष्णाकाठची

ताक दोन्ही जेवणांत असतंच हो, मिरज-सांगलीच्या घरात ताकाची आठवण करून द्यावी लागत नाही. प्रश्न मधल्या वेळचा आहे. डायबेटिस पळवायच्या गोष्टी नकोत, गोळ्या बंद करून बसतील उद्या. माणूस आधीच स्वतःला केमिस्ट समजतो.

पथ्यपाणी

मी ठाण्याला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, पेशंटमध्ये निम्म्याहून जास्त मधुमेही. जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या प्रश्नात तीन-चार वेगळे गुंते एकत्र झालेत.

आधी जळजळीचं. पाणी वाढल्यावर थांबली तरी एकदा लघवी तपासून घ्या. मधुमेहात मूत्रमार्गाचा संसर्ग पटकन होतो आणि म्हाताऱ्या माणसात तो ताप न येताही मुरतो. तिथे जीपीकडे (भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे) नोंद करता येते, ती आधी करा. स्क्वॉशची चर्चा नंतर.

आता साखर. तुमच्या बाटलीने अण्णांची साखर चढणार नाही. पाणी घातलेल्या ग्लासात जेमतेम पाचेक कॅलरी असतात, कार्बोहायड्रेट नगण्य. याच जागी आपल्याकडचा साखरेचा स्क्वॉश असता तर? भारतीय नियमाप्रमाणे स्क्वॉशमध्ये किमान २५ टक्के रस लागतो आणि विरघळलेले घन पदार्थ किमान ४० टक्के. हे घन पदार्थ म्हणजे मुख्यतः साखरच. अण्णांना विचारा, ४० ब्रिक्स म्हटलं की त्यांना लगेच कळेल. एकास तीन पाणी घातलं तरी २५० मिलीच्या ग्लासात सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे. असे रोज पाच-सहा ग्लास! तेव्हा साखरेच्या सरबताला पर्याय म्हणून हा स्क्वॉश शंभर टक्के बरा. इथवर तुमच्या नवऱ्याच्या बाजूने मत.

पण फळ? बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत फळाचं प्रमाण दिलेलं असतं. समजा १० टक्के आहे. एकास चार केल्यावर ग्लासात उरलं २ टक्के. २५० मिलीच्या ग्लासात ५ मिली, म्हणजे एक चहाचा चमचा रस. बाकी पाणी, सायट्रिक ॲसिड, वास, रंग, गोडवा. तंतू नाहीत. तिथल्या सरकारी सल्ल्यातही दिवसाच्या पाच फळं-भाज्यांत स्क्वॉश धरत नाहीत. अण्णांना हे गणित तुम्ही सांगू नका, कागद-पेन्सिल देऊन त्यांनाच करायला लावा. लॅबमधल्या माणसाला सुनेने सांगितलेलं पटत नाही, स्वतःच्या हाताने काढलेला आकडा पटतो.

एक सावधगिरी. "नो ॲडेड शुगर" हेच शब्द रसाच्या खोक्यावरही असू शकतात, आणि तिथे अर्थ फार वेगळा होतो. निव्वळ संत्र्याच्या रसात वरून साखर घातलेली नसते, पण त्याची स्वतःची साखरच १०० मिलीला ८ ते १० ग्रॅम असते. स्क्वॉश संपला म्हणून कुणी प्रेमाने खोक्यातला रस मग भरून दिला तर मीटरवर लगेच दिसेल. शब्द बघू नका, तक्त्यातला साखरेचा आकडा बघा.

आता गोडव्यांबद्दल, नणंदबाईंच्या फॉरवर्डसह. कॅन्सरची बातमी बहुधा ॲस्पार्टेम या गोडव्याची असेल. जुलै २०२३ मध्ये डब्ल्यूएचओच्या कर्करोग संस्थेने त्याला २बी गटात टाकलं. म्हणजे शक्यता नाकारता येत नाही, पुरावा तोकडा. त्याच वेळी दुसऱ्या समितीने रोजची मर्यादा, किलोला ४० मिलिग्रॅम, तशीच ठेवली. तुमच्या बाटलीत तर ॲस्पार्टेम दिसत नाही. आणि त्याच २बी गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, हिरवी पायवाट यांच्या माहितीसाठी.

वजनाबद्दलचं वेगळं. मे २०२३ मध्ये डब्ल्यूएचओनेच सांगितलं की वजन ताब्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी असले गोडवे वापरू नयेत, लांबचा फायदा दिसत नाही. ती शिफारस सशर्त आहे, आणि ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना तीतून वगळलंय. फॉरवर्डमध्ये हे वाक्य कधीच नसतं. तरी माझ्या मनात थोडी शंका राहतेच. इस्रायलच्या वाइझमन संस्थेचा २०२२ चा अभ्यास आहे, त्यात धडधाकट लोकांना दोन आठवडे सॅकरिन किंवा सुक्रालोज दिल्यावर साखर पचवण्याचा प्रतिसाद बदललेला दिसला. एका अभ्यासावर कुणाचा मग हिसकावून घेऊ नये, पण दिवसभर नळ चालू ठेवण्याइतकंही निर्धास्त राहू नये.

मर्यादेचा हिशोब करू. सुक्रालोजची रोजची मर्यादा किलोला १५ मिलिग्रॅम. अण्णांचे ६२ किलो, म्हणजे ९३० मिलिग्रॅम. युरोपीय नियमात पेयात जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम प्रतिलिटर घालता येतं, आणि तोच नियम ब्रिटनमध्येही चालत आला. कंपनीने कमाल मात्रा घातली असं धरलं तरी मर्यादेला पोचायला तीन लिटरहून जास्त स्क्वॉश लागेल. ठीक. पण हे बाटलीवर सांगितल्याप्रमाणे पाणी घातलं तर! अण्णा दुप्पट घट्ट करतात. मग तीनाचे दीड लिटर झाले, आणि दीड लिटर तर ते पितात असं तुम्हीच लिहिलंय. प्रत्यक्षात कंपन्या बहुधा कमी घालतात, आणि ही मर्यादा जन्मभर रोज घेण्यासाठी, भरपूर सुरक्षित अंतर ठेवून ठरवलेली असते. म्हणून घाबरू नका. पण माझ्या मते आवरायचं असेल तर ते घट्टपणाला.

माझा सल्ला: दिवसाला दोन ग्लास, जेवणाबरोबर, एकास आठ. बाकीचं पाणी कोमट द्या. थंडीत म्हाताऱ्या माणसाला गार पाणी नकोच वाटतं, पण त्याच पाण्याचा बिनसाखरेचा फिका चहा, धने-जिऱ्याचं पाणी, डाळीचं वरचं पातळ पाणी हिंग-जिऱ्याची फोडणी देऊन, हे सगळं पाणीच असतं. संत्र्याच्या फोडी स्क्वॉशच्या वेळी पुढे करू नका, दोन तासांनी द्या.

दाढ_दुखते_कुणाची

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण सगळे साखरेत अडकलेत आणि माझं गिऱ्हाईक मला दिसतंय.

मी मँचेस्टरला डेंटिस्ट. साखर नाही म्हणजे दाताला धोका नाही, असं धरून चाललेली माणसं मी आठवड्यातून कितीतरी बघतो. किडण्याला साखर लागते, झिजण्याला लागत नाही. झिजण्याला आम्ल पुरतं. दाताचं वरचं कवच, इनॅमल, साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं (पीएच जितका कमी तितकं आम्ल जास्त). स्क्वॉश असतो ३ ते साडेतीनच्या आसपास. वरून सायट्रिक ॲसिड कॅल्शियमला धरून ओढतं, म्हणजे दोन बाजूंनी मार.

पाणी वाढवलं की आम्लपणा जाईल असं वाटतं, पण फार जात नाही. पीएचची मोजणी दहाच्या पटीत चालते, त्यामुळे दुप्पट पाणी घातलं तरी आकडा जेमतेम हलतो. गोडव्यासाठी पातळ करा, दातासाठी तेवढ्यावर विसंबू नका.

दातासाठी महत्त्वाचं आहे ते किती वेळा. एक घोट घेतला की तोंडातली लाळ अर्ध्या-पाऊण तासात आम्ल धुऊन काढते. अण्णांचा पुढचा घोट पाच मिनिटांत येतो. म्हणजे सकाळच्या पेपरपासून दुपारच्या जेवणापर्यंत तोंड आंबटच. मोठा मग एका बैठकीत संपवला तर मला कमी चिंता, तोच मग तीन तास पुरवला तर जास्त. या वयात हिरड्या वर सरकून मुळं उघडी पडलेली असतात. मुळांवर इनॅमल नसतंच, ती अजून लवकर झिजतात. बीपीच्या काही गोळ्यांनी लाळही कमी होते, ते बघा.

आणि तो उशाशीचा ग्लास आजच्या आज बंद. झोपेत लाळ जवळपास थांबते. रात्री ब्रश झाल्यावर फक्त पाणी, आवडो न आवडो.

प्यायल्यावर लगेच ब्रश नको, तासभर जाऊ द्या, नुसती चूळ भरली तरी चालेल. पेस्ट फ्लोराइडची, १४५० पीपीएम लिहिलेली. थुंकल्यावर खळखळून धुवायचं नाही. आपल्या लोकांना हे सांगून मी थकलो. सहा चुळा भरल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही.

कृष्णाकाठची

कवळी आहे खालची, अर्धी. वरचे स्वतःचे. त्याचा त्यांना कोण अभिमान! "पन्नास गळीत हंगाम ऊस सोलून खाल्लाय या दातांनी."

पथ्यपाणीताई, कागद-पेन्सिल दिली. पाच मिली आकडा काढला, मग स्वयंपाकघरातला चमचा मागवून त्यात पाणी घेऊन बघितलं. तोंड बघण्यासारखं झालं होतं. म्हणाले, "ह्याला आमच्याकडे मळीतसुद्धा ढकलला नसता." संत्रं मात्र अजून खाल्लेलं नाही. आता म्हणतात इथल्या संत्र्याला चव नाही, नागपूरचं आण. कसं आणू?

रात्रपाळी

कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी लेस्टरला वॉर्डात नर्स आहे.

ग्लिमेपिराइड चालू आहे असं तुम्ही लिहिलंय. या गोळीने साखर खाली उतरू शकते, विशेषतः जेवण लांबलं किंवा चालणं जास्त झालं तर. घाम, थरथर, बडबड असंबद्ध झाली तर मीटर लावा. ४ च्या खाली असेल तर लगेच साखर द्यायची. (इथला ४ म्हणजे आपल्याकडचा साधारण ७०. अण्णांचं मीटर सांगलीचं असेल तर ७० बघा, इथल्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो. हे फ्रिजवर लिहून ठेवा, घाईच्या वेळी गोंधळ होतो.)

तर अशा वेळी घरातलं माणूस धावत जाऊन हाताला येईल ते गोड पेय देतं. तुमच्याकडे हाताला येणार स्क्वॉश! गोड लागेल, साखर एक कण चढणार नाही, आणि आपण दिलं म्हणून निर्धास्त बसू. वॉर्डात नातेवाईकांनी हे केलेलं मी पाहिलंय. तीन-चार चमचे खरी साखर पाण्यात, किंवा ग्लुकोजच्या गोळ्या, किंवा १५०-२०० मिली खरा फळांचा रस. पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, ९९९ ला (इथला तातडीचा नंबर) फोन लावा.

लुकोझेड या एनर्जी ड्रिंकवर विसंबू नका असंही सांगते. जुन्या लोकांच्या डोक्यात ते बसलेलं आहे, पण २०१७ मध्ये त्यांनी साखर खूप उतरवली, आता पूर्वीइतकं पुरत नाही. अण्णांच्या कोटाच्या खिशात ग्लुकोजची नळी ठेवा. फिरायला जात असतील तर नक्कीच.

कृष्णाकाठची

हे माझ्या ध्यानातच आलं नसतं. उद्याच आणते. फिरायला जातात ना, रोज नदीपर्यंत, आणि परत येताना बसचा पास वापरायचं नाव नाही.

बांद्याचो

सगळा वाचलंय. पण ताई, घरात कोकम नसल्यासारखे काय बोलताय?

बिनसाखरेचं, पाणी घालून प्यायचं फळाचं पेय म्हणजे आमचं आगळ. मे महिन्यात पिकलेली रातांबी (कोकमाची फळं) फोडायची, बिया-गर काढून सालींना मीठ लावून ठेवायचं, रस सुटतो तो आगळ. गडद लाल, जवळजवळ काळा. तळहातावर थेंब पडला तर दोन दिवस डाग जात नाही. दोन चमचे आगळ, तांब्याभर पाणी, भाजल्या जिऱ्याची पूड. साखरेचा संबंध नाही, गोडव्याचाही नाही. साखरेचं असतं ते अमृत कोकम, ते सालींत साखर भरून बरणी उन्हात ठेवून करतात, साखर फळाच्या साधारण दुप्पट. दुकानात "कोकम सरबत" म्हणून मिळतं ते हेच. गल्लत करू नका. मधुमेही माणसाला कोकम चांगलं म्हणून लोक तेच पाजतात, मी डोळ्यांनी बघितलंय.

आता तर आमच्याकडे गोव्याच्या वाटेवर "शुगर फ्री कोकम" पण दिसायला लागलंय. बाटली उलटी केली तर सुक्रालोज. अरे, कोकमाला गोड करायचंच कशाला? आंबट प्यायची सवय लावा.

पथ्यपाणी

आगळ उत्तम, पण अण्णांना बीपी आहे आणि आगळात मीठ सढळ असतं. डब्ल्यूएचओ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणतं. आपल्या घरात लोणचं, पापड, भाकरीबरोबर ठेचा यांतच ते संपतं. रोजच्या पिण्याला आगळ नको. सुकं अमसूल घ्या, धुऊन घ्या, पाच-सहा सालं गरम पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा. त्यात पाणी, जिरेपूड, आल्याचा रस. मीठ चिमटीच्या टोकावर.

दाढ_दुखते_कुणाची

आणि कोकम पण आंबटच, तेव्हा माझं वरचं सगळं त्यालाही लागू. जेवणाबरोबर, एका बैठकीत. बांद्याचे भाऊ, रागावू नका.

बांद्याचो

रागावत नाही. सोलकढी जेवणाबरोबरच असते, आमचे पूर्वज शहाणे होते.

कृष्णाकाठची

अमसुलाचा प्रयोग करते. पिशवीच्या तळाशी नणंदेने दिलेली एक पुडी असेल. आणि नातवाचं कुणी सांगेल का? त्याच्या शाळेत वर्गात फक्त पाण्याची बाटली चालते, डब्यासोबत स्क्वॉश चालतो. तर पठ्ठ्या दिवसभराची बाटली तशीच भरलेली घरी आणतो.

पथ्यपाणी

मुलांच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. पाच वर्षांखाली पाणी आणि दूध, विषय संपला. सहा वर्षांच्या मुलाला एखादा ग्लास जेवणाबरोबर ठीक, पातळ करून. त्याचं वजन समजा २० किलो, सुक्रालोजची मर्यादा ३०० मिलिग्रॅम, म्हणजे कमाल मात्रेच्या पेयाचा एकच लिटर. अण्णांच्या घट्ट हिशोबाने अर्धा. तेव्हा आजोबांच्या मगातला त्याला द्यायचा नाही. भारतात तर अशा गोडव्याच्या पाकिटावर "मुलांसाठी शिफारस नाही" असं छापायचा नियमच आहे, लोक वाचत नाहीत.

पण मला मात्रेपेक्षा जिभेची काळजी जास्त. या वयात जे गोड लागतं तेच पेय, असं डोक्यात बसलं की पाणी बेचव वाटायला लागतं, आणि ते तुम्ही बघताच आहात. ओरडून उपयोग नाही. बाटलीतला अर्क दर आठवड्याला थोडा थोडा कमी करत जा, न सांगता. महिना-दीड महिन्यात रंगापुरता उरेल. आजोबांच्या मगाचंही तेच करा. त्यांचा मग तुम्ही भरून द्या, बाटली त्यांच्या हाती नको.

कृष्णाकाठची

बाटली हाती नको कसं जमणार, ताई? कालपासून त्यांनी धाकट्याच्या औषधाची मोजपट्टीची पिचकारी घेतलीय. मगात पाच-पाच मिली मोजून अर्क घालतात आणि वहीत लिहितात. पहिल्या पानावर तारीख, "द्रावण क्र. १", पुढे प्रमाण, शेरा. आजचा शेरा वाचून दाखवते: "एकास सहा. रंग फिका. चव सुसह्य." धाकटा शेजारी बसून दुसऱ्या क्रमांकाचं द्रावण करतोय, त्याला एकास दहा दिलंय, आणि तो ते पितोय.

अमसूल सापडलं, पण बुरशी आली होती. इथे कुठे मिळेल?

रात्रपाळी

लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर गुजराती दुकानांत मिळतं, वेंबलीलाही. ते लोक डाळीत घालतात. ओलं असतं आणि खारवलेलं, तेव्हा दोनदा धुऊन घ्या. पाकिटावर "कोकम" म्हणूनच लिहिलेलं असतं, दुकानदाराला काळं कोकम सांगा, म्हणजे तो आणून देईल.